पहिला संग्रह म्हणजे नेमका कितवा?

महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांची यादी वर्तमानपत्रात येते, तेव्हा बहुतेक वाचक कादंबरी आणि आत्मचरित्र कोणाचं, एवढं पाहून पान उलटतात. यादीच्या खालच्या अंगाला ‘प्रथम प्रकाशन’ नावाचा एक गट असतो, तिथवर नजर क्वचितच पोचते. तिथला प्रत्येक पुरस्कार एकेका दिवंगत लेखकाच्या नावाने आहे. नाटकाचा विजय तेंडुलकरांच्या, कादंबरीचा श्री. ना. पेंडशांच्या, लघुकथेचा ग. ल. ठोकळांच्या, ललितगद्याचा ताराबाई शिंद्यांच्या. पहिल्या कवितासंग्रहाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाने दिला जातो. अलीकडच्या वर्षांत त्याची रक्कम पन्नास हजार रुपये आहे.

हे नाव कोणी सुचवलं असेल, त्याची दाद द्यायला हवी. बहिणाबाईंनी पुस्तक काढायचा विचारही कधी केला नव्हता. जळगावजवळच्या असोद्याचा १८८० मधला जन्म, जळगावच्या चौधरींच्या घरात सून म्हणून आलेल्या, लवकर विधवा झालेल्या, शेतात आणि जात्यावर राबणाऱ्या या बाईंना अक्षरओळख नव्हती. गाणी त्यांना काम करता करता सुचत आणि त्या म्हणत जात. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्याने आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी जेवढी हाती लागली तेवढी उतरवून घेतली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. आईच्या पश्चात सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, तीही संकोचतच. अत्रे ती वाचून थक्क झाले आणि ही गाणी छापलीच पाहिजेत म्हणून हटून बसले. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचं नाव दिलं गेलं.

म्हणजे मराठीत पहिल्या संग्रहाचा सरकारी मान ज्या कवयित्रीच्या नावाने दिला जातो, तिने स्वतःचा पहिला संग्रह पाहिलाच नाही. प्रवेशिकेवर सही कोणी केली असती, हा प्रश्न गमतीचा असला तरी अगदीच पोकळ नाही. पहिल्या संग्रहाच्या पुरस्काराचा सगळा डोलारा ‘पहिला’ या अटीवर उभा असतो, आणि कवितेच्या बाबतीत ही अट फार निसरडी आहे.

शासनाच्या याच यादीत प्रथम प्रकाशनाच्या वरचा काव्यपुरस्कार, एक लाखाचा, केशवसुतांच्या नावाने आहे. केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचं नाव शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं, त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. हरि नारायण आपट्यांनी कविता जमवून पुस्तक काढलं ते १९१७ मध्ये, बारा वर्षांनी. तोवर मासिकांच्या जुन्या अंकांतून शोधत आणि हाताने उतरवून घेत लोक त्या कविता वाचत होते.

इंदिरा संतांचा पहिला संग्रह कोणता? १९४० मध्ये ‘सहवास’ आला, पण तो एकटीचा नव्हता. पती ना. मा. संत आणि इंदिराबाई अशा दोघांच्या कविता त्यात होत्या. १९४६ मध्ये संत गेले. स्वतंत्र संग्रह ‘शेला’ आला १९५१ मध्ये. आजच्या एखाद्या नियमावलीनुसार इंदिराबाईंना ‘शेला’ पाठवता आला असता का, यावर छाननी समितीत चांगला तासभर वाद झाला असता.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात कुसुमाग्रज अध्यासन आहे. नव्या कवींच्या पहिल्या संग्रहांना या अध्यासनातर्फे ‘विशाखा’ काव्य पुरस्कार देतात. पहिला एकवीस हजारांचा, दुसरा पंधरा हजारांचा, तिसरा दहा हजारांचा. कथाकारांच्या पहिल्या पुस्तकासाठी याच विद्यापीठाचा बाबूराव बागूल यांच्या नावाचा पुरस्कार आहे. ‘विशाखा’ हे नाव ऐकलं की कुसुमाग्रज आठवतात, नाशिक आठवतं, त्यामुळे ते शोभतंही. फक्त एक बारीकशी गोष्ट आहे. ‘विशाखा’ हा कुसुमाग्रजांचा पहिला संग्रह नाही. पहिला ‘जीवनलहरी’, १९३३ चा, कवी एकवीस वर्षांचा असतानाचा. ‘विशाखा’ १९४२ ची, आणि ती निघाली तीही वि. स. खांडेकरांमुळे. खांडेकरांनी नुसती प्रस्तावना लिहिली नाही, तर पदराला खार लावून पुस्तकच प्रकाशित केलं. स्वातंत्र्य चळवळीच्या ऐन धगीत ते बाहेर पडलं आणि तरुणांच्या तोंडी बसलं. नव्या कवींच्या पुरस्काराला हे नाव देणाऱ्यांच्या मनात बहुधा हेच असावं, की कवी कवितेने उजेडात येतो तो खरा आरंभ, मग ते पुस्तक कितवंही असो. मात्र प्रवेशिकांच्या नियमांत अशी उदार व्याख्या बसत नाही. तिथे पहिलं म्हणजे पहिलंच.

आजच्या कवीचा पहिला संग्रह कसा तयार होतो, हेही पाहण्यासारखं आहे. आठ-दहा वर्षं कविता दिवाळी अंकांत, नियतकालिकांत, कविसंमेलनांत फिरलेल्या असतात. अलीकडे त्या आधी मोबाइलवर फिरतात. ओळखीचे लोक ‘आता पुस्तक काढ’ म्हणू लागतात. प्रकाशक गाठला की तो कवितेचं पुस्तक खपत नाही हे सांगून सुरुवात करतो, आणि ते खोटंही नसतं. मग किती प्रती कवीने घ्यायच्या यावर बोलणं होतं. कित्येकदा सगळाच खर्च कवीचा. भविष्यनिर्वाह निधीतून, सोसायटीच्या कर्जातून, बायकोच्या किंवा नवऱ्याच्या पगारातून उभे राहिलेले संग्रह मराठीत काही थोडेथोडके नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना इथे कामाला येते. ज्याचं पुस्तक निघालेलं नाही अशा लेखकाने हस्तलिखित पाठवायचं, ते तज्ज्ञांनी वाचायचं आणि पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान मिळायचं. हा पुरस्कार नव्हे. पण पहिल्या पुस्तकासाठी तो पुरस्काराहून उपयोगी ठरू शकतो, कारण मदत पुस्तक निघण्याआधी मिळते.

पुस्तक हाती आलं की प्रती दोन वाटांनी जातात. एक वाट ‘सप्रेम भेट’ची. दुसरी पुरस्कारांची: प्रवेशिका, पुस्तकाच्या प्रती, कवीचा अल्प परिचय, पासपोर्ट आकाराचा फोटो, कुरिअरची पावती. शासनाचे पुरस्कार विशिष्ट वर्षातल्या प्रथम आवृत्तीला असतात, म्हणून डिसेंबरच्या शेवटी छापखान्यांत कवितेची पुस्तकं धावपळीने बांधली जातात. जानेवारीत आलं तर पुस्तक एका वर्षाने मागे पडतं.

त्या गठ्ठ्यापुढे बसलेल्या परीक्षकाचं काम हेवा करावं असं नसतं. पहिल्या संग्रहाची काही लक्षणं तो चार-दोन पानांतच ओळखतो. अर्पणपत्रिका आईवडिलांना. ज्येष्ठ कवीची प्रस्तावना, तिच्यात कवीबद्दल थोडं आणि कवितेच्या आजच्या अवस्थेबद्दल बरंच. मलपृष्ठावर आणखी एका ज्येष्ठाची पाठराखण. आत पहिल्यांदा लिहिलेली आणि काल लिहिलेली कविता शेजारीशेजारी, कारण काहीच गाळायचा धीर झालेला नसतो. आई, पाऊस, सुटलेलं गाव आणि एक कविता कवितेवरच. पहिल्या संग्रहाचा खरा दोष वाईट कविता हा नसतो, जास्त कविता हा असतो. ऐंशीपैकी तीस काढल्या असत्या तर पुस्तक चांगलं झालं असतं, असं वाटायला लावणारे संग्रह पुष्कळ. त्या तीस कविता काढणारा संपादक मराठीत आज कितीशा प्रकाशकांकडे आहे? परीक्षकाला मात्र छापलेलं आहे तेच वाचायचं असतं. अशा वेळी तो सबंध पुस्तकाला गुण देतो की त्यातल्या पाच अस्सल कवितांना, यावर निकाल ठरतो.

आणि पुस्तक परीक्षकापर्यंत पोचलं तर! बहुतेक पुरस्कारांत आधी छाननी होते. छाननीत काय गळतं, याची एक प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतली आहे. येल विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने १९१९ पासून तरुण कवींच्या पहिल्या संग्रहांची मालिका चालवली आहे. हस्तलिखितं मागवायची, एका नामवंत कवीने त्यातलं एक निवडायचं आणि ते संस्थेने छापायचं, हेच बक्षीस. १९४७ ते १९५९ या काळात निवड करणारे होते डब्ल्यू. एच. ऑडेन. १९५५ साली संस्थेने चाळून पाठवलेल्या हस्तलिखितांपैकी एकही त्यांना पसंत पडेना. दोन तरुण कवींची हस्तलिखितं छाननीतच बाद झाल्याचं त्यांच्या कानावर आलं. ऑडेननी ती थेट स्वतःकडे मागवली आणि त्यातलं एक निवडलं. ते होतं जॉन ॲशबेरी यांचं. पुढे विसाव्या शतकातल्या अमेरिकी कवितेत ज्यांच्यावाचून चर्चा पुरी होत नाही, असे हे कवी. निवड न झालेला दुसरा कवी होता फ्रँक ओहारा, आणि तोही ॲशबेरींच्या तोलाचा निघाला. ऑडेनना ॲशबेरींच्या कविता फारशा उमगल्या होत्या असं त्यांच्या प्रस्तावनेवरून वाटत नाही, हा या गोष्टीतला सर्वांत मजेशीर भाग. ज्यांनी छाननी केली त्यांची नावं आज कोणालाच आठवत नाहीत, हे त्यांच्या दृष्टीने बरंच झालं.

मराठी माणसाला पहिल्या संग्रहाच्या परदेशी पुरस्काराची आठवण निघाली की एकच नाव समोर यायला हवं, पण ते येत नाही. कारण अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला हे अनेकांना माहीत असलं तरी तो पुरस्कार पहिल्या पुस्तकाचा होता, हे विसरलं गेलं आहे.

राष्ट्रकुल काव्य पुरस्कार १९७२ मध्ये सुरू झाला. ब्रिटन वगळून राष्ट्रकुलातल्या कोणत्याही देशातल्या कवीच्या इंग्रजीतल्या पहिल्या संग्रहाला तो मिळे. पहिल्याच वर्षी तो विभागून दिला गेला, आणि दोन मानकऱ्यांपैकी एक होते नायजेरियाचे चिनुआ अचेबे. ते तेव्हा नवोदित कोणत्या अर्थाने होते? ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही त्यांची कादंबरी १९५८ मध्ये येऊन जगभर गेली होती. बियाफ्राच्या यादवी युद्धात लिहिलेल्या कवितांचं पुस्तक मात्र त्यांचं पहिलं. १९७९ मध्ये हा पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला, त्यातले नायजेरियाचेच गॅब्रिएल ओकारा साठीला टेकले होते. त्यांच्या कविता दोन दशकं नियतकालिकांत आणि संकलनांत गाजत होत्या, आणि बरीच हस्तलिखितं त्या युद्धात गहाळ झाली होती. नवोदित म्हटल्यावर विशीतला, झोळीवाला तरुण डोळ्यांपुढे येतो. त्या चौकटीत या दोघांपैकी एकही बसत नाही.

आणि १९७७ चे मानकरी अरुण कोलटकरही बसत नाहीत. ते तेव्हा पंचेचाळिशीच्या घरात होते. कोल्हापूरचा जन्म, मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात नामांकित कलादिग्दर्शक. १९५० च्या दशकापासून मराठीत आणि इंग्रजीत कविता लिहीत आलेले. दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांच्यासोबत १९५४ मध्ये ‘शब्द’ हे अनियतकालिक सुरू करणाऱ्यांत ते होते. लघुअनियतकालिकांच्या वर्तुळात नाव मोठं आणि पुस्तक एकही नाही, असं जवळजवळ दोन दशकं चाललं.

‘जेजुरी’ची पूर्वकथाही सरळ नाही. १९६३ च्या सुमारास कोलटकर खंडोबाच्या जेजुरीला गेले. सोबत भाऊ मकरंद आणि कवी मनोहर ओक. त्या फेरीतून कवितांची मालिका सुरू झाली. तिचा आधीचा खर्डा एका अनियतकालिकाच्या संपादकाकडे हरवला आणि पुढे सगळं पुन्हा लिहावं लागलं, असं सांगितलं जातं. १९७४ मध्ये ती एका इंग्रजी त्रैमासिकात आली आणि १९७६ मध्ये पुस्तकरूपात. प्रकाशक म्हणजे ‘क्लिअरिंग हाउस’. कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी आपली पुस्तकं आपणच काढायची म्हणून थाटलेली संस्था. मोठा प्रकाशक दारात उभं करत नाही तर चार मित्रांनी पदरमोड करायची, हा व्यवहार मराठी कवीला अजिबात परका नाही. ‘जेजुरी’चं मुखपृष्ठ कोलटकरांनी स्वतः केलं. एकतीस कवितांचं पुस्तक. सकाळी एसटीतून उतरणाऱ्या आणि संध्याकाळी रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या एका पाहुण्याची जेजुरी त्यात आहे. पायऱ्या, पडकी देवळं, कुत्री, पुजारी आणि कोणत्या दगडात देव आहे आणि कोणत्यात नाही याचा लागत नसलेला थांग.

पुरस्काराने ‘जेजुरी’ला जगभर नेलं. घरी मात्र सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असं नाही. भालचंद्र नेमाड्यांनी आठवड्याच्या सुट्टीला आलेल्या शहरी प्रवाशाची नजर म्हणून या पुस्तकावर टीका केली. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांविषयीच्या त्यांच्या एकूण भूमिकेचा तो भाग होता. या टीकेत अगदीच तथ्य नाही असं नाही. कवितेतला तो माणूस खरोखरच पाहुणा आहे. पण आपण पाहुणा आहोत हे तो लपवत नाही, आणि त्याच अवघडलेपणातून ती कविता उभी राहते. हा वाद आजही मिटलेला नाही.

त्याच १९७७ मध्ये अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या. हा त्यांचा मराठीतला पहिला संग्रह. म्हणजे एका कवीचे दोन ‘पहिले’ संग्रह पाठोपाठ आले, दोन भाषांत, आणि दोन्हींमागे वीस-वीस वर्षांचं लिखाण. त्यानंतर? पुरस्कार मिळालेल्या कवीकडून दुसऱ्या पुस्तकाची अपेक्षा असते. कोलटकरांनी पंचवीस वर्षं ती पुरी केली नाही. लिहीत राहिले, कागद साठत राहिले. ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ आल्या २००३ च्या सुमारास, ‘काला घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ २००४ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. मराठीतली ‘जेजुरी’ त्यांच्या पश्चात निघाली. राष्ट्रकुल पुरस्काराचं पुढे स्वरूप बदललं. १९८५ पासून तो फक्त पहिल्या पुस्तकापुरता राहिला नाही, आणि दशक संपता संपता बंदच पडला. त्याचं नाव आज प्रामुख्याने त्याच्या मानकऱ्यांमुळे निघतं.

साहित्य अकादमीने २०११ पासून युवा पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिल्या पुस्तकाची अट न घालता वयाची घातली: पस्तीस किंवा त्याहून कमी. मराठीत या पुरस्काराची सुरुवातच कवितेने झाली, ऐश्वर्य पाटेकरांच्या ‘भुईशास्त्र’ने. पुढे रवी कोरडे, वीरा राठोड, सुशीलकुमार शिंदे, पवन नालट, विशाखा विश्वनाथ हे कवी त्याचे मानकरी झाले. शेतीवाडी, बंजारा तांडा, महानगर असे निरनिराळे प्रदेश त्यांच्यामुळे यादीत आले, ही या अटीची जमेची बाजू. तोटा असा की चाळिशीत पहिलं पुस्तक काढणारी शिक्षिका किंवा पन्नाशीत लिहू लागलेला शेतकरी इथे उभाच राहू शकत नाही. संसार मार्गी लागल्यावर वही बाहेर काढणाऱ्या बायका मराठीत कमी नाहीत. त्यांच्यासाठी वयाचं बंधन नसलेला, पुस्तकाचा क्रमांक पाहणारा पुरस्कारच उरतो. दोन्ही प्रकारचे पुरस्कार असावेत हे खरं, पण एकच ठेवायचा म्हटलं तर पुस्तकाची अट वयाच्या अटीपेक्षा जास्त न्यायाची वाटते.

पुरस्काराने कवीच्या पदरात काय पडतं? रक्कम बहुतेक वेळा छपाईच्या खर्चाची भरपाई होण्याइतकी. एक शाल, एक स्मृतिचिन्ह, सभागृहात टाळ्या. त्याखेरीज गावोगावच्या वाचनालयांकडून विचारणा, संमेलनाच्या निमंत्रितांच्या यादीत नाव, दिवाळी अंकाच्या संपादकाचा फोन. कधी एखाद्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दोन कविता. यातलं सर्वांत मोलाचं म्हणजे वाचनालयांची विचारणा, कारण मराठीत कवितेचं पुस्तक विकत घेणारा ग्राहक प्रामुख्याने वाचनालय हाच आहे. पुरस्काराची बातमी आली की निदान जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी प्रत कपाटात जाते आणि कोणीतरी ती घरी नेतो.

दुसऱ्या संग्रहासाठी मात्र कोणताच खास पुरस्कार नाही, आणि अडचण तिथेच सुरू होते. पहिल्या पुस्तकात दहा वर्षांचा साठा रिता झालेला असतो. दुसऱ्यासाठी कवीकडे दोन-तीन वर्षं आणि पुरस्कारविजेता ही ओळख. मराठीत दुसऱ्या पुस्तकाने सगळं उलटंपालटं केल्याचं सर्वांत ठळक उदाहरण मर्ढेकरांचं. १९३९ चा ‘शिशिरागम’ हा पहिला संग्रह. त्यावर बालकवींची आणि माधव जूलियनांची छाया दिसते, आणि तो तेव्हाच्या कोणत्याही परीक्षकाला सहज पसंत पडला असता. १९४७ मध्ये ‘काही कविता’ आल्या आणि मराठी कवितेचा रोख बदलला. त्या पुस्तकाबद्दल मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. तो काही वर्षं चालला आणि अखेर ते निर्दोष सुटले.